दाखल करताना पडणारे प्रश्न: मेडिक्लेम, सरकारी योजना आणि बिल

चौदा वर्षं मी एका मध्यम आकाराच्या खासगी रुग्णालयात मेडिक्लेमच्या खिडकीवर बसले. खिडकीच्या अलीकडे मी. पलीकडे रात्रभर जागलेला मुलगा, नाहीतर प्लॅस्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढत बसलेली बायको. प्रश्न बहुतेक तेच असायचे. गंमत अशी, की ते विचारले जायचे डिस्चार्जच्या दिवशी, आणि बिल मात्र पहिल्या तासातच ठरून गेलेलं असायचं: कोणती खोली घेतली, कोणतं कार्ड दाखवलं, केसपेपरवर काय लिहिलं गेलं यावरून. म्हणून ते प्रश्न इथे लिहिते, घरात सगळे धडधाकट असताना वाचायला.

मेडिक्लेम, सरकारी योजना, ईएसआय हे सगळं एकच ना?

नाही. बिल कोण भरणार ते प्रत्येकात वेगळं.

मेडिक्लेम हे मुळात १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी काढलेल्या एका पॉलिसीचं नाव. डालडा किंवा झेरॉक्ससारखं ते चिकटलं आणि आता कोणत्याही आरोग्य विम्याला आपण मेडिक्लेमच म्हणतो. हा तुमचा आणि कंपनीचा करार. हप्ता तुमचा, अटी तिच्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत हप्ता नाही, पैसे सरकार देतं, पण यादीतलाच आजार आणि यादीतलंच रुग्णालय लागतं. ईएसआय, म्हणजे कामगारांचा राज्य विमा, पगारातून कापला जातो. पेशंट तोच, पोटात दुखतंय तेही तेच, पण यातलं काय दाखवता त्यावर दवाखाना, खोली आणि कागद सगळं बदलतं.

सरकारी दवाखान्यात जायचं तर नेमकं कुठे? आणि एकीकडे फुकट, दुसरीकडे पैसे, असं का?

खेड्यात सुरुवात उपकेंद्रापासून. साधारण ५,००० लोकवस्तीला एक, डोंगरी आणि आदिवासी भागात ३,००० ला एक. त्यावर प्राथमिक आरोग्य केंद्र, ३०,००० ला एक, डोंगरी भागात २०,००० ला. ही दोन्ही जिल्हा परिषदेकडे असतात. पुढे ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि आपण ज्याला सिव्हिल म्हणतो ते जिल्हा रुग्णालय. हे राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे. ससून, जेजे, घाटी ही मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाची, आणि मुंबईतलं केईएम, सायन, नायर महापालिकेचं.

कुठलं कोणाचं हे माहीत असायला हवं, कारण १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय त्या विभागात येत नाही. त्यामुळे सिव्हिलमध्ये केसपेपर फुकट निघालेला माणूस चिठ्ठी घेऊन कॉलेजच्या रुग्णालयात जातो आणि तिथल्या खिडकीवर भांडतो. खिडकीवरच्या बाईची त्यात चूक नसते.

सीमेवरच्या माणसांचं आणखी वेगळं. सावंतवाडी-दोडामार्गकडून गंभीर पेशंट बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजला नेतात, कारण मोठं रुग्णालय त्यांना तेच जवळ. गोव्याची स्वतःची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे, पण ती गोव्याच्या रहिवाशांसाठी. सिंधुदुर्गाच्या पेशंटला ती लागू नाही. निघण्याआधी फोन करून, आपलं कार्ड तिथे कोणत्या उपचाराला चालेल ते विचारून घ्यावं.

आमचं कार्ड पांढरं आहे. महात्मा फुले योजना आमच्यासाठी नाहीच ना?

आता आहे. ही योजना २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ च्या नोव्हेंबरात राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिचं नाव बदललं. तेव्हा संरक्षण होतं कुटुंबाला वर्षाला दीड लाख, आणि ते मुख्यतः पिवळ्या-केशरी कार्डांपुरतं. १ जुलै २०२४ पासून पांढरं कार्डही आत आलं आणि मर्यादा पाच लाखांवर गेली. केंद्राची आयुष्मान भारत योजना आणि ही योजना राज्यात एकत्रच चालते.

खिडकीवर मला रोज भेटायचा तो गैरसमज असा, की पाच लाख म्हणजे पाच लाखांपर्यंतचं कुठलंही बिल. तसं नाही. योजनेत ठरावीक उपचारांची यादी आहे आणि प्रत्येकाचा दर बांधलेला आहे. अँजिओप्लास्टी, डायलिसिस, केमोथेरपी यादीत आहेत. चार दिवस ताप आला म्हणून सलाईन लावायला ती योजना नाही.

योजनेत बसलो, तरी दवाखान्याने बाहेरून औषधं आणायला सांगितली.

बांधलेल्या दरात तपासण्या, शस्त्रक्रिया, औषधं, पेशंटचं जेवण आणि परतीच्या प्रवासाचं भाडंसुद्धा येतं. योजनेच्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो. बहुतेक ठिकाणी दारातच त्याचं टेबल असतं. आधी त्याला गाठा. दाद लागली नाही तर १५५३८८ वर फोन करा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. बाहेरून आणलेल्या औषधाची पावती फेकू नका. पावती नसली की तक्रार नुसती तोंडी राहते, आणि तोंडी तक्रारीचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे.

कार्ड घरी राहिलं. पेशंट इथे, कार्ड गावाला.

दाखल करतानाच सांगा: "योजनेत घ्यायचंय, कार्ड उद्या येतंय." तातडीच्या वेळी रुग्णालय फोनवरून कळवून उपचार सुरू करू शकतं, कागद मागाहून देता येतात. उलट, तीन दिवस खासगी पेशंट म्हणून डिपॉझिट भरत राहिलात आणि चौथ्या दिवशी कार्ड काढलंत, तर झालेलं बिल मागे फिरवणं फार अवघड.

आणि नावं तपासून ठेवा. आधारवर "सुमन", शिधापत्रिकेवर "सुमनबाई", किंवा सुनेचं नाव लग्नाला सहा वर्षं झाली तरी माहेरच्याच कार्डावर. आजारपणात तहसील कचेरीच्या चकरा कोण मारणार?

धर्मादाय रुग्णालय म्हणजे फुकट रुग्णालय?

सगळ्यांना फुकट नाही, पण काहींना आहे, आणि हे बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं. सार्वजनिक न्यासाने चालवलेली अनेक मोठी, चकचकीत रुग्णालयं कायद्याने धर्मादाय आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत जाते. ठरलेली उत्पन्नमर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार.

तिथे बिलिंगच्या खिडकीवर उभं राहून उपयोग नाही. मेडिकल सोशल वर्करची खोली विचारा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका बरोबर हवी. "खाटा भरल्या आहेत" हे उत्तर मिळेल. कधी ते खरं असतं. तरी अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. पुढे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जायची वेळ आली तर हातात काहीतरी असतं.

पाच लाखांची पॉलिसी, बिल दोन लाख दहा हजार. मग ऐंशी हजार आमच्या खिशातून का?

या एका प्रश्नावर खिडकीवर सगळ्यात जास्त आवाज चढायचा. कारण एकच: खोली.

पुष्कळ पॉलिसींमध्ये, विशेषतः जुन्यांमध्ये, खोलीच्या भाड्यावर मर्यादा असते. ती अनेकदा विमा रकमेच्या १ टक्का असते. पाच लाखांवर दिवसाला ५,००० रुपये. तुम्ही घेतली १०,००० वाली डिलक्स, चार दिवस. तुमचा हिशेब असा: दिवसाला ५,००० जास्त, म्हणजे २०,००० आपण भरू, आईला आराम पडू दे. कंपनीचा हिशेब वेगळा. रुग्णालयात खोली बदलली की डॉक्टरांच्या भेटीचा, सर्जनचा, थिएटरचा, नर्सिंगचा दरही बदलतो. तुम्ही हक्काच्या दुप्पट भाड्याची खोली घेतलीत, म्हणून कंपनी हे सगळे खर्चही निम्मेच देते.

मांडून बघा. खोली ४०,०००, मिळाले २०,०००. सर्जन, भूल, थिएटर, भेटी, नर्सिंग मिळून १,२०,०००, मिळाले ६०,०००. औषधं आणि तपासण्या ५०,०००, त्या पूर्ण मिळाल्या. बेरीज १,३०,०००. उरलेले ऐंशी हजार तुमचे. हीच आई ५,००० च्या खोलीत असती, तर बहुधा ते वरचे दरही कमी लागले असते आणि कंपनीने जवळपास सगळं दिलं असतं.

औषधं, तपासण्या, इम्प्लांट आणि आयसीयूचं भाडं यांना ही कात्री लावता येत नाही. जिथे खोलीप्रमाणे दर बदलतच नाहीत अशा रुग्णालयातही लावता येत नाही. कंपनीच्या पत्रात ती लागलेली दिसली तर भांडा, तुमची बाजू बरोबर आहे.

म्हणून दाखल करताना पहिला प्रश्न "एसी आहे का?" हा नसावा. पॉलिसीतली खोलीभाड्याची ओळ बोटाखाली धरून "यात बसणारी खोली कोणती?" असं विचारा. ती भरलेली असेल तर तसं लिहून घ्या आणि रिकामी होताच हलवा. नव्या बऱ्याच पॉलिसींत ही मर्यादा नसते. हप्ता थोडा जास्त पडतो. माझ्या मते तो पैसा वाया जात नाही.

"शुगर कधीपासून?" या प्रश्नाला एवढं महत्त्व कशाला?

रात्रीचे अडीच. काकांच्या छातीत दुखतंय. कॅज्युअल्टीतला तरुण डॉक्टर भराभर विचारतो, "शुगर आहे? कधीपासून?" काका बोलायच्या स्थितीत नाहीत. पुतण्या म्हणतो, "असेल की आठ-दहा वर्षं." केसपेपरवर उमटतं: मधुमेह, १० वर्षं.

पॉलिसी चार वर्षांपूर्वीची. कंपनी म्हणते, मधुमेह आधीपासून होता आणि तुम्ही लपवलात. प्रत्यक्षात काकांना शुगर निघाली तीन वर्षांपूर्वी. पण आता पुतण्याच्या अंदाजाचा पुरावा झालेला असतो. क्वेरी येते: पहिलं निदान कधी, पहिलं प्रिस्क्रिप्शन दाखवा. मग कपाटं उपसणं सुरू.

माहीत नसेल तर "नक्की माहीत नाही" असंच सांगा. तेही उत्तरच आहे. चुकीचं लिहिलं गेलं असेल तर पहिला रिपोर्ट दाखवून डॉक्टरांकडून लेखी दुरुस्ती त्याच वेळी करून घ्या, डिस्चार्जनंतर ती संशयास्पद दिसते. याचा अर्थ आजार डॉक्टरांपासून लपवा असा मुळीच नाही. भूल देणाऱ्याला बीपीची गोळी माहीत नसणं हे क्लेम बुडण्यापेक्षा भयंकर आहे.

लपवाछपवीची खरी जागा वेगळीच असते: पॉलिसी घेतानाचा अर्ज. एजंट "सगळ्याला नाही टिक करतो, लवकर पास होईल" म्हणतो आणि खाली सही तुमची असते. तो अर्ज स्वतः वाचून भरा. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत ती परतही करता येते.

वेटिंग पिरियड किती?

पॉलिसी घेतल्यावर क्लेम मिळू लागेपर्यंत थांबायचा हा काळ, तीन प्रकारचा. पहिले ३० दिवस अपघात सोडून काहीच नाही. हर्निया, मोतीबिंदू, गुडघेबदल अशा ठरावीक शस्त्रक्रियांना बहुधा दोन वर्षं. आधीपासूनच्या आजारांना जास्तीत जास्त ३६ महिने. पूर्वी हे ४८ होते, एप्रिल २०२४ पासून विमा नियामकाने कमी केले.

आणखी एक: पॉलिसी सलग ६० महिने चालली की "तुम्ही माहिती लपवली" या कारणावर कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट निराळी. "सलग" या शब्दावर सगळं आहे. नूतनीकरणाचा हप्ता चुकवू नका.

कॅशलेस म्हणजे एक रुपयाही द्यायचा नाही?

म्हणजे कंपनी थेट रुग्णालयाला देईल, तेही तिने मंजूर केलेलं तेवढंच. हातमोजे, मास्क, डायपर, फाइलचे पैसे असल्या "नॉन-मेडिकल" वस्तू बऱ्याच पॉलिसींत तुमच्या माथी येतात. को-पे असेल तर तो वाटाही तुमचा. वीस टक्के को-पे म्हणजे एक लाखाला वीस हजार.

तुमचं रुग्णालय कंपनीच्या यादीत नसेल, तरी २०२४ च्या जानेवारीपासून कॅशलेस मागता येतं. ठरवून केलेल्या शस्त्रक्रियेच्या ४८ तास आधी, आणि तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवायचं. रुग्णालय तयार हवं, ही अडचण राहतेच. ते नाही म्हणालं तर पैसे भरून नंतर मागा, मूळ बिलं जपून.

डॉक्टर सकाळी दहाला "घरी जा" म्हणाले. संध्याकाळचे सात वाजले.

नियम स्पष्ट आहे. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर कंपनीने तासाभरात आणि डिस्चार्जच्या अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यायचा. तिच्या उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकार लावला तर तो कंपनीने सोसायचा.

पण घड्याळ सुरू होतं ते रुग्णालयाने कागद पाठवल्यावर, डॉक्टर बोलले तेव्हा नाही. मधे वॉर्डमधून उरलेली औषधं मेडिकलला परत जातात, डिस्चार्ज कार्ड टाइप होतं, सर्जनची सही राहिलेली असते आणि सर्जन दुसऱ्या रुग्णालयात ऑपरेशनला गेलेले. इतकी वर्षं त्या बाजूला बसून सांगते, अर्धा उशीर आमच्याकडचाच असायचा. म्हणून विचारायचं असं: "फाइल किती वाजता पाठवली?" वेळ सांगावी लागली की फाइल हलते.

पैसे भरले नाहीत म्हणून पेशंटला अडकवून ठेवता येतं का?

नाही. मृतदेहही अडवता येत नाही. थकलेलं बिल वसूल करायला रुग्णालयाला कायदेशीर मार्ग आहेत, माणूस तारण ठेवणं हा त्यातला नाही. नर्सिंग होमच्या २०२१ च्या नियमांप्रमाणे रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दिसेल असं लावणं बंधनकारक आहे. बहुतेक ठिकाणी ते एखाद्या कुंडीच्या मागे असतं.

क्लेम नाकारला. आता?

कारण लेखी मागा, पॉलिसीतल्या कलमाच्या क्रमांकासह. टीपीए, म्हणजे कंपनीसाठी क्लेमचे कागद हाताळणारी संस्था, हा नुसता मधला कारभारी. नाकारायचा निर्णय कंपनीचा आणि तोही तिच्या समितीतून गेलेला हवा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. सोबत नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर नोंदवा किंवा १५५२५५ वर फोन करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जा. महाराष्ट्रात त्यांची कार्यालयं मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची तक्रार चालते आणि त्यांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो.

माझ्या माहितीतले बहुतेक लोक दुसऱ्या पत्रानंतर कंटाळून सोडून देतात. कंपनीलाही ते माहीत असतं.

नोकरीच्या ठिकाणी मेडिक्लेम आहे. वेगळा घेऊ का?

घ्या. कंपनीचा मेडिक्लेम चांगलाच असतो, बाळंतपण आणि जुने आजार पहिल्या दिवसापासून धरतो, पण राजीनाम्याबरोबर तोही जातो. पन्नाशीत नोकरी सुटली आणि तोवर बीपी-शुगर दोन्ही मागे लागलेली असली, की नवी पॉलिसी महागही पडते आणि वेटिंगही नव्याने सुरू होतं. छोटी का होईना, स्वतःची तरुणपणीच सुरू करावी. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला आहे, तेवढा हप्ता हलका झाला.

पगार १९,००० आहे, ईएसआय कापतात. उपयोग काय?

पुष्कळ. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना तो लागू आहे. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. कुटुंबासह उपचार तर आहेतच, पण आजारपणात काम बुडालं तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के भरपाई मिळते. ही सोय मेडिक्लेममध्ये नसते आणि कामगार ती मागायलाच विसरतात.

आई ७४ वर्षांची आहे. तिला आता कोण विमा देणार?

वयाच्या कारणाने दार बंद करायचं नाही, असं नियामकाने २०२४ मध्ये ठरवलं. पण हप्ता ऐकून घाम फुटतो. आधी आयुष्मान वय वंदना कार्ड काढा. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या कोणालाही, उत्पन्न न पाहता, वर्षाला पाच लाखांचं संरक्षण आहे. खासगी मेडिक्लेम असला तरी चालतं. आधार लागतं. योजनेचं रुग्णालय घरापासून किती लांब आहे ते मात्र आजच बघून ठेवा.

घरी काय तयार ठेवायचं?

एक पिशवी. शिधापत्रिका आणि सगळ्यांच्या आधारच्या प्रती, मेडिक्लेमचं कार्ड आणि खोलीभाड्याचं ते पान, प्रत्येकाच्या पहिल्या निदानाचा कागद, चालू गोळ्यांची यादी, आणि मोठ्या अक्षरांत १०८. आमची देवघराखालच्या खणात असते. शेजारच्या वहिनींनाही तो खण दाखवून ठेवला आहे.